फुटलेला चेंबर कोणाच्या खात्यात टाकायचा?

पोस्ट मोठी आहे. ज्याच्या दारात पिकअप उभी असते त्याने शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी निदान मोजमापाचा भाग तरी वाचावा, कारण त्या रस्त्यावरून आपण सगळेच जातो.

नाक्यावरच्या गॅरेजात मागच्या भिंतीला फुटके चेंबर टेकवून ठेवलेत. परवा मोजले, सात भरले. मिस्त्री म्हणाले, "यातले चार एकाच जागचे." जागा कुठली ते त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं, आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना आत्ता कळलं असेल. शाळेच्या अलीकडचा गतिरोधक.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाच्या पोटाखाली एक खोल ट्रे बोल्टने आवळलेला असतो. स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला ऑइल पॅन किंवा सम्प म्हणतात, गॅरेजात चेंबर. इंजिनाचं सगळं ऑइल त्यात साठतं, पिकअपला साधारण पाच-सहा लिटर. त्या तेलात एक जाळी बुडालेली असते. पंप त्या जाळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि क्रॅंकच्या बेरिंगपासून वर व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे पोचवतो. मग ते गळून परत चेंबरमध्ये येतं. आता गंमत अशी की इतक्या महत्त्वाच्या वस्तूची जागा गाडीच्या अगदी तळाशी आहे. दगड, खड्डा, वर आलेलं झाकण, जे काही रस्त्यातून उगवेल ते आधी तिला भेटतं.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस लागून होता, त्यातल्या एका दुपारी माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, चेंबर गेला ना. गाडी शाळेपाशी उभीये. माल भरलेला आहे."

त्याची स्वतःची पिकअप आहे, हप्त्यावरची. घाटाखालच्या चार शेतकऱ्यांचा टोमॅटो गोळा करून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेतो. त्या दिवशी ८० कॅरेट होते. वीस किलोच्या हिशेबाने सोळाशे किलो, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं. गाडी दीड टनाची. म्हणजे माल जास्त होता, हे मी लपवत नाही, कारण पुढे कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारतात. पण या मोसमात दीड टनाच्या गाडीत दीड टनच माल भरणारा माणूस मला अजून भेटायचाय. शेतकरी जागेवर भाड्यासाठी घासाघीस करतो, व्यापारी बाजारात करतो, मधला गाडीवाला दोन कॅरेट वाढवून स्वतःचं गणित बसवतो.

या वाटेने त्याची ही मोसमातली पहिलीच खेप. गतिरोधक श्रावणात उभा राहिला, हे त्याला ठाऊक नव्हतं. पावसाचं पाणी साचलेलं, काळ्या रस्त्यावर काळाच उंचवटा, वर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही. ब्रेक मारला तेव्हा पुढची चाकं वर चढलीच होती. ती पलीकडे उतरली, ब्रेकमुळे गाडीचं नाक खाली दबलं आणि पोट टेकलं. "कुणीतरी खालून घण घातल्यासारखा आवाज आला," असं तो म्हणाला.

इथे त्याने जे केलं ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावं. डॅशबोर्डवर लाल किटलीचं चित्र पेटलं आणि त्याने जागच्या जागी चावी बंद केली. शंभर पावलांवर टपरीजवळ चांगली रुंद जागा होती, तिथपर्यंतही नेली नाही. लोकांनी ढकलून कडेला घेतली. रस्त्यावर तेलाचा ओघळ पसरला होता. टपरीवाल्याकडून घमेलं मागून त्याने कडेची माती त्यावर टाकली, दोनदा. कारण पंधरा दिवसांपूर्वी याच जागी दुसऱ्या कुणाच्या तरी सांडलेल्या तेलावरून दुचाकी घसरून एका बाईचं मनगट मोडलं होतं. ते टपरीवाल्यानेच त्याला सांगितलं.

किटली पेटल्यावर "एवढं गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचं काय होतं, त्याचा नमुना मिस्त्रींनी मला डब्यातून काढून दाखवला. बेरिंगची दोन अर्धगोल पानं. चकचकीत रुपेरी असायला हवीत, ती काळीनिळी, चिरलेली, एक तर वितळल्यासारखं चिकटलेलं. याच गतिरोधकावर चेंबर फुटलेला एक जण तशीच गाडी घेऊन बारा किलोमीटर आला होता. नाक्याच्या अलीकडे इंजिन जाम. चार-पाच हजारांत भागणारं काम साठ हजारांच्या पुढे गेलं, आणि गाडी महिनाभर उभी. तेलाचा दाब गेला की बेरिंग आणि क्रॅंक यांच्यात पातळ थर राहत नाही, धातूवर धातू घासतो. त्याला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात.

भावाचा माल दुसऱ्या पिकअपमध्ये पलटी केला. आम्ही सहा जण भिजत ८० कॅरेट या गाडीतून त्या गाडीत देत होतो. त्या गाडीचं भाडं, उशिरा पोचलेल्या मालाचा पडलेला भाव, खालच्या कॅरेटमधला चेंगरलेला टोमॅटो, हे सगळं त्याच्या अंगावर. पिकअप दोराने ओढत गॅरेजात आली.

मिस्त्रींकडे मी पत्रकार म्हणून वीसेक वर्षं जातोय, चहा पितोय, पण चेंबर उतरवताना पहिल्यांदाच पूर्ण वेळ बसलो.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून ते कधीच खाली जात नाहीत. खाली घोड्या लावल्या, चाकाला दगड लावले, मग अंग टाकलं. उरलेलं तेल कॅनमध्ये घेतलं. हे जळकं तेल गटारात ओतायचं नसतं, धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते येतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते कुठं जातं ते गॅरेजमागचं गवत बघितलं की कळतं, पण हा गृहस्थ पिंप भरून विकतो. मग गोटी पान्याने कडेचे बोल्ट. वीसेक असतील. दोन क्रॉस मेंबरच्या आड लपलेले, त्यांना वेळ लागला. काही गाड्यांत तर त्या आडव्या दांडीमुळे इंजिन फाउंडेशनवरून थोडं उचलावं लागतं, तेव्हाच चेंबर सुटतो. बोल्ट निघाले तरी चेंबर खाली येत नाही, सिलिकॉनने धरून ठेवलेला असतो. तिथे नवखा पोऱ्या स्क्रूड्रायव्हर खुपसतो आणि कडा वाकवतो. मिस्त्रींनी पातळ पट्टी सरकवत, हलक्या हातोडीने ठोकत चारी बाजूंनी मोकळा केला.

खाली आलेला चेंबर त्यांनी उलटा धरला. पत्र्याचा होता. तळ अंगठाभर आत दबलेला, आणि ड्रेन नटाच्या शेजारून चीर गेलेली, बोटभर लांब.

भावाने विचारलं, "वेल्डिंग नाही का मारता येणार?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याला सरसकट उत्तर नाही. पत्र्याचा चेंबर मार बसल्यावर दबतो, ओतीव ॲल्युमिनियमचा दबत नाही, तडकतो. पत्र्याचा असला आणि नुसता दबला असेल तर आतून ठोकून सरळ करता येतो. चीर असेल तर आतबाहेर स्वच्छ धुऊन, तेलाचा अंश न ठेवता वेल्ड करता येते. मग सुलटा ठेवून आत डिझेल भरायचं आणि रात्रभर बघायचं, बाहेर ओल आली का. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते करणारा चांगला कारागीर आपल्या तालुक्यात नाही, जिल्ह्याला जावं लागतं. शिवाय जुन्या ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं, त्यामुळे वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि महिन्याभरात तिथूनच पाझर सुरू होतो. आणि ते दोन पुड्यांचं एम-सील? गाडी आडरानात अडकली, चीर बारीक आहे, जागा पेट्रोलने पुसून कोरडी करता आली, तर गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. पाठीमागे सोळाशे किलो भरून नाशिकला जायला नाही.

भावाच्या चेंबरमध्ये अडचण चिरेची नव्हतीच. मिस्त्रींनी टॉर्च वर इंजिनात मारला आणि मला डोकं खाली घालायला लावलं. तेल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोडीशीच वर असते, जेणेकरून तेल कमी झालं तरी हवा ओढली जाऊ नये. तळ वर दबल्यामुळे तो जाळीला टेकला होता, आणि तिची कड मुडपली होती. "चीर नसती ना पत्रकार," ते म्हणाले, "तरी हा मेलाच असता. तेल गळलं नाही म्हणून खूश होऊन निघून गेला असता, आणि वर चढावर जोर दिला की पंपाला तेल मिळालं नसतं." म्हणजे चेंबर आपटल्यावर खाली डबकं दिसत नाही म्हणून सुटलो असं समजायचं नाही. गाडी वर घेऊन तळ किती दबलाय हे बघायचंच.

तर जाळी नवी, चेंबर बदलायचा. इथे तीन वाटा. कंपनीचा, चार हजारांच्या वर आणि दोन दिवस वाट बघायची. लोकल मालाचा, निम्म्या किमतीत लगेच. किंवा भंगारातला जुना पण मूळचा. दुकानातून लोकल आणून मिस्त्रींनी तो फुटक्या टेबलाच्या काचेवर पालथा ठेवला. काचेखालून कागदाची पट्टी दोन ठिकाणी सहज सरकली. "कडा काचेला बसत नाहीत, त्या इंजिनाला काय बसणार? मग पोरं सिलिकॉन थापतात." तो परत गेला. शेवटी भंगारातून मूळचा मिळाला, काचेवर ठेवला, एका बोल्टच्या भोकाशी फुगवटा होता तो लाकडावर ठेवून ठोकून सपाट केला, ड्रेन नटाचे आटे तपासले, आतून रॉकेलने धुतला. पंधराशे रुपये.

बसवताना त्यांनी जितका वेळ पुसण्यात घालवला तितका आवळण्यात नाही. इंजिनाकडची कड आणि चेंबरची कड, दोन्हीकडचं जुनं सिलिकॉन खरवडून, थिनरच्या फडक्याने, बोट फिरवून. मग नव्या सिलिकॉनची एकसलग बारीक वात, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर आवळल्यावर ते आत फुगतं, गळून तेलात पडतं आणि नेमकं त्या जाळीत जाऊन बसतं. "जास्त लावलं म्हणजे पक्कं बसतं असं वाटतं लोकांना," मिस्त्री म्हणाले. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर, समोरासमोरचे, थोडे थोडे. हे बारीक बोल्ट आहेत, ताकद दाखवली की तुटतात किंवा कड वाकते. आणि सिलिकॉन धरेपर्यंत तेल भरायचं नाही. भावाची घाई चालली होती, दुसऱ्या दिवशीची खेप होती. मिस्त्रींनी चावी स्वतःच्या खिशात टाकली. सकाळी नवा फिल्टर, नवं तेल, गेज बघितलं, चालू केली, किटली दोन सेकंदांत विझली. पुन्हा बंद करून गेज, पुन्हा भर. खाली पुठ्ठा टाकून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. पुठ्ठा कोरडा.

चेंबर, जाळी, तेल, फिल्टर, मजुरी मिळून साडेसहा हजार. पलटीचं भाडं आणि मालाचं नुकसान धरून भावाचा हिशेब चौदा हजारांच्या पुढे गेला. हप्ता अकराचा आहे.

आता मोजमाप.

दुसऱ्या दिवशी मी टेप, दोरी आणि शाळेतल्या गणिताच्या सरांना घेऊन गेलो. रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंचवट्याच्या कडेशी खडू मारला. रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेने, भरली १ मीटर ४० सेंटीमीटर. दोरी ताणून मधली उंची, १८ सेंटीमीटर. सात इंच.

इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ पासूनची संस्था, देशातल्या रस्त्यांची मानकं तीच ठरवते. गतिरोधकांसाठी तिची आयआरसी ९९ नावाची पुस्तिका आहे, पहिली १९८८ ची, सुधारित २०१८ ची. १९८८ च्या पुस्तिकेत गोलाकार गतिरोधकाचं माप असं: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखरूप जावी, त्याहून वेगात गेली तर चालकाला हिसका बसावा, असं ते गणित आहे. वर काळेपांढरे पट्टे, आणि ४० मीटर आधी इशाऱ्याचा फलक.

आपल्या गतिरोधकाची त्रिज्या सरांनी तिथेच वहीत काढली. दीड मीटरच्याही आत. सर म्हणाले, "हा गतिरोधक नाही, हा अर्धा पुरलेला पाइप आहे."

फरक नुसता उंचीचा नाही, हे मला त्या आकृतीवरून पहिल्यांदा नीट कळलं. रुंद, सपाट गोलाव्यावर गाडीचं पोट चाकांबरोबर हळूहळू वर उठतं आणि हळूहळू उतरतं. अरुंद, उंच उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडे खाली गेलेली असतात आणि उंचवट्याचा माथा नेमका इंजिनाखाली येतो. त्यात माल भरून पाटे बसलेले. आणि यातला उलटा न्याय बघा. ज्या खडीच्या डंपरसाठी हा बसवला, त्याची चाकं मोठी, पोट उंच, तो धडधडत निघून जातो. पोट टेकतं ते पिकअपचं, रिक्षाचं, लग्नाला निघालेल्या भाड्याच्या कारचं.

आम्ही मोजत असताना एक गृहस्थ शेतातून आले आणि न बोलता टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. दोरी ढिली पडली तेव्हा त्यांनीच ताणली. मी त्यांना ओळखलं, सरांनीही. आषाढात याच जागी शाळा सुटल्यावर डंपरखाली गेलेली पाचवीतली मुलगी त्यांची. त्या दिवशी गावाने रस्ता रोखला, चार तास. तिसऱ्या आठवड्यात, श्रावणात, एका रात्रीत हा गतिरोधक उभा राहिला.

माप वहीत लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मोडणार का?"

मी म्हटलं, मोडायचा नाही, मापात करायचा आहे.

"हा मोडून दुसरा होईस्तोवर मधल्या दिवसांत काय?"

सर माझ्याकडे बघायला लागले. ते गृहस्थ पुढे म्हणाले, "गाड्यांचं नुकसान होतंय, मला दिसतंय. परवाच्या पोराला माती टाकायला मीच घमेलं भरून दिलं. पण श्रावणापासून इथं एकही पोरगं गाडीखाली गेलेलं नाही."

ही गोष्ट मी या पोस्टमध्ये मुद्दाम पूर्ण लिहितोय. कारण मागच्या आठवड्यात गाडीवाल्यांच्या ग्रुपवर "जेसीबी आणून रात्री उखडून टाकू" असे मेसेज फिरले, ते मी वाचलेत. त्यातल्या काहींच्या मुली त्याच शाळेत आहेत. उखडून टाकणं हा विषयच नको. १० सेंटीमीटरचा नीट गतिरोधक डंपरला यापेक्षा जास्त चांगला अडवतो, कारण तो ४० मीटर आधी दिसतो, रात्री पट्टे चमकतात आणि चालक आधीच वेग उतरवतो. आत्ताचा गतिरोधक वेग उतरवत नाही, आपटल्यावर शिकवतो. आणि शिकवणी फक्त नवख्याची घेतो, रोजच्या डंपरवाल्याने तो केव्हाच पाठ केलाय.

मग बांधला कुणी? इथे मजा आहे. संबंधित कार्यालयात गेलो तर उत्तर, "आमच्या नोंदीत तिथे गतिरोधक नाही." दुसऱ्या कार्यालयात, "रस्ता आमच्याकडे नाही, वर्ग झालाय." रात्री डांबर टाकायला आलेला टेम्पो कुणाचा हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर कुणालाच नाही. नोंद नाही म्हणून रंग नाही, फलक नाही, कारण नसलेल्या वस्तूला रंगाची मंजुरी कशी मिळणार? पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत 'कोण' सगळ्यात आधी यायला हवं. तालुक्यात बातमीदारी करताना कळतं की 'काय', 'कुठे', 'केव्हा' दहा मिनिटांत मिळतं, 'कोण' मिळायला महिने जातात.

नुकसानभरपाईचं विचाराल तर स्थिती अशी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चांगले रस्ते हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. हे सगळं माणसाच्या जिवाचं आणि जखमेचं आहे, आणि तेच आधी असायला हवं. फुटलेल्या चेंबरची दाद यातून लागत नाही.

राहिला विमा. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपला फक्त थर्ड पार्टी असतो, त्यात स्वतःच्या गाडीला काही नाही. ज्यांचा फुल आहे त्यांनी पॉलिसीच्या अटी एकदा वाचा. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, अशी अट त्यात असते. म्हणजे चेंबरचे पैसे मागता येतील, पण किटली पेटलेली असताना बारा किलोमीटर नेलेल्या इंजिनाचे नाहीत. म्हणून जागेवर थांबा, गतिरोधक आणि गळती एका चौकटीत येईल असा फोटो काढा, आणि कंपनीला कळवूनच गाडी उघडायला द्या.

चेंबर गार्डबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. भावाने आता बसवलाय, फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन एमएमची प्लेट. मिस्त्रींच्या दोन सूचना: ड्रेन नटासमोर भोक ठेवा, नाहीतर दर वेळी ऑइल बदलताना प्लेट उतरवा, आणि प्लेट चेसीला आवळा, चेंबरला टेकू देऊ नका. टेकली की मार थेट आतच जातो. हवा खेळायला फटीही हव्यात. पण गार्डमुळे पोट आणखी खाली येतं हेही धरा. साडेसात-आठशे रुपयांच्या प्लेटने सात इंचांचा उंचवटा कमी होत नाही.

सोमवारी सकाळी ११ वाजता उपविभागाच्या कार्यालयात अर्ज देतोय. अर्जावर पहिली सही त्या मुलीच्या वडिलांची आहे, दुसरी माझ्या भावाची. मागण्या क्रमाने लिहिल्यात आणि क्रम त्या वडिलांनीच लावलाय: आधी या आठवड्यात दोन्ही बाजूंना फलक आणि पट्टे, मग शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, एकाच दिवसात, जुना काढून ३.७ मीटर बाय १० सेंटीमीटरचा नवा, काम चालू असेपर्यंत दोन्ही टोकांना माणूस उभा; आणि नोंदवहीत नोंद. मोजमापाच्या पानाची प्रत सरांच्या सहीने जोडली आहे. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही, पोचेचा फोटो इथेच टाकतो.

ज्यांचे चेंबर तिथे गेलेत त्यांनी गॅरेजच्या बिलाचा फोटो रविवारी रात्रीपर्यंत मला पाठवा. बिलावर तारीख आणि गाडी नंबर दिसला पाहिजे. बिल नसेल तर नाक्यावर मिस्त्रींकडे जा, त्यांच्या वहीत सगळ्यांची नावं आहेत. आणि जाताना आपापला फुटका चेंबर ओळखून बाजूला काढून ठेवा, सोमवारी सोबत न्यायचे आहेत.